शेवट कोणाचा?

२०१९ च्या डिसेंबरात ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी चित्रपटमालिकेचा नववा आणि मूळ कथेपुरता अखेरचा भाग, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’, प्रदर्शित झाला. आमचा पुतण्या मित्रांसमवेत तो पाहून रात्री उशिरा उधन्यास परतला. ताटावर बसला, पण नेहमीची बडबड नव्हती. काय झाले, असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, ती कोणाचीच नव्हती, तेच तर बरं होतं. शेवटी तिलाही मोठ्या घराण्यात नेऊन बसवलं.”

ती म्हणजे कोण, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे तीनच महिन्यांत टाळेबंदी आली. त्या सक्तीच्या विश्रांतीत पुतण्याने आम्हांस नऊही भाग क्रमाने दाखविले. योगायोग असा की, २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला होता. एकाच खोलीत, एकाच पडद्यावर या दोन प्रदीर्घ कथा आम्ही पाहिल्या, आणि दोन्हींच्या शेवटांवरून लोक रागावले होते हे ध्यानात येताच आमच्यातील इतिहासाचा जुना विद्यार्थी जागा झाला. त्याचे फलित म्हणजे हा लेख.

ज्या वाचकांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची थोडक्यात ओळख करून देणे आवश्यक आहे. जॉर्ज लुकास या दिग्दर्शकाचा या मालिकेतील पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत झळकला. दूरच्या एका आकाशगंगेतील जुलमी साम्राज्य आणि त्याविरुद्ध उठलेले मूठभर बंडखोर, असा हा विषय. यंत्रमानव, अंतराळयाने आणि तेजाच्या तलवारी असा सारा थाट विज्ञानकथेचा, परंतु गाभा पुराणकथेचा. अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या जपानी चित्रपटाचे ऋण लुकास यांनी स्वतः मान्य केले आहे. वाळवंटातील शेतावर वाढलेला ल्यूक हा पहिला नायक. १९८० च्या दुसऱ्या भागात त्याला कळते की, ज्याच्याशी आपण लढत आहोत तो खलपुरुष वेडर हाच आपला पिता. १९८३ च्या तिसऱ्या भागात तोच पिता पुत्रास वाचविण्यासाठी दुष्ट सम्राट पाल्पटीन यास खोल विवरात फेकून देतो आणि स्वतः प्राण सोडतो. १९९९, २००२ आणि २००५ साली आलेल्या तीन भागांनी पूर्वकथा सांगितली. २०१२ साली लुकास यांनी आपली संस्था डिस्ने कंपनीस ४०५ कोटी डॉलरना विकली आणि २०१५, २०१७ व २०१९ या वर्षी उत्तरकथेचे तीन भाग आले. म्हणजे १९७७ साली जो बालक म्हणून चित्रपटगृहात बसला, तो शेवटच्या भागास आपल्या मुलांना, क्वचित नातवंडांनाही घेऊन गेला असेल. बेचाळीस वर्षे ज्या कथेची सोबत झाली, तिच्या शेवटाकडे माणूस तटस्थपणे कसा पाहील?

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे पहिले ठळक उदाहरण आपल्या विदर्भातील आहे. आठव्या शतकातील नाटककार भवभूती हा मूळचा विदर्भातील पद्मपूरचा. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या उदरात जाते आणि रामास ती पुन्हा लाभत नाही. भवभूतीने ‘उत्तररामचरित’ लिहिताना हा शेवट पत्करला नाही. सातव्या अंकात त्याने नाटकातच एक नाटक रचले. वाल्मीकीचे ते नाटक पाहण्यास स्वतः राम प्रेक्षक म्हणून बसला आहे, रंगमंचावर सीतेची व्यथा पाहून तो मूर्च्छित होतो, आणि अखेर राम, सीता, लव व कुश यांचे मीलन होते. प्रेक्षकाचे दुःख पाहून कथेने आपला शेवट बदलावा, ही कल्पना बाराशे वर्षांपूर्वी एका वैदर्भीय कवीस सुचली होती. तीस कोणी पोरकटपणा म्हटले नाही.

अर्वाचीन काळात वृत्तपत्रे आणि मासिके आली, कथा हप्त्याहप्त्याने छापल्या जाऊ लागल्या, आणि वाचकांस आपली नाराजी लेखकापर्यंत पोहोचविण्याचे साधन मिळाले. १८९३ च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘स्ट्रँड’ मासिकातील कथेत शेरलॉक होम्स यास धबधब्याच्या दरीत लोटून दिले, तेव्हा संतप्त पत्रांचा पाऊस पडला आणि अनेकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. लेखकास स्वतःच्या नायकाचा कंटाळा आला होता. वाचकांस आला नव्हता. १९०१ साली डॉयल यांनी होम्सची एक जुनी हकिकत म्हणून नवी कादंबरी सुरू केली, आणि १९०३ साली होम्स मेलाच नव्हता असे सांगून त्यास परत आणले.

आपल्याकडे हिंदीत देवकीनंदन खत्री यांनी १८८८ साली ‘चंद्रकांता’ लिहिली, पुढे ‘चंद्रकांता संतती’चे चोवीस भाग लिहिले आणि ‘भूतनाथ’ हाती घेतली. परंतु १९१३ साली ते निवर्तले. उरलेले भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केले. मराठीत गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. अपुऱ्या कृतीबद्दल हळहळ वाटते, पण राग येत नाही, कारण तेथे शेवट हिरावणारा काळ असतो. कर्त्याने हाती असलेला शेवट चुकविला असे वाटते, तेव्हाच वाचक रागावतो.

२०१९ च्या चित्रपटात नेमके काय चुकले? उत्तरकथेची नायिका रे ही ओसाड ग्रहावर मोडक्या यानांचे भंगार वेचून, ते विकून पोटापुरते अन्न मिळविणारी अनाथ मुलगी. २०१५ च्या भागाने तिच्या आईबापांविषयी कुतूहल निर्माण केले. रायन जॉन्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या २०१७ च्या भागात त्याचे उत्तर मिळाले: तिचे आईबाप कोणीही थोर नव्हते, दारूच्या पैशासाठी मुलीस विकून टाकणारी ती सामान्य माणसे होती. तरीही अंगभूत शक्ती तिला लाभलीच. फिन नावाचा तिचा मित्र पूर्वी शत्रूच्या तळावर साफसफाईच्या कामावर होता. रोझ ही यंत्रदुरुस्ती करणारी कामगार मुलगी. आणि त्या भागाच्या अगदी शेवटच्या दृश्यात तबेल्यात राबणारा एक पोर हात पुढे करतो, तर कोपऱ्यातील झाडू आपोआप त्याच्या हाती येतो. मग तो झाडू हाती धरून ताऱ्यांकडे पाहत राहतो. जी शक्ती तोवर मुख्यत्वे एका घराण्याच्या कथेतून आपण पाहत होतो, ती झाडूवाल्या पोराच्या हातीही आहे, असे त्या दृश्याने सांगितले.

२०१९ च्या भागाने हे सारे परत घेतले. छत्तीस वर्षांपूर्वी विवरात पडून मेलेला पाल्पटीन पुरेशा स्पष्टीकरणावाचून पुन्हा जिवंत झाला, आणि रे ही त्याचीच नात निघाली. एकशे बेचाळीस मिनिटांच्या चित्रपटात रोझच्या वाट्यास सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ आला. झाडूवाल्या पोराचा उल्लेखही नाही. अखेरीस रे स्वतःस ‘स्कायवॉकर’ म्हणवून घेते, म्हणजे वाईट घराणे नाकारून चांगल्या घराण्याचे नाव धारण करते. यात एक चांगला विचार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. माणूस आपले आप्त निवडू शकतो, हा तो विचार. परंतु बिनघराण्याची म्हणून उभे राहणे तिला शेवटी लाभले नाहीच.

निर्मात्यांची बाजूही सांगितली पाहिजे. लेया राजकन्येची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशर २७ डिसेंबर २०१६ रोजी निवर्तल्या. शेवटच्या भागात त्यांची पूर्वी चित्रित झालेली, न वापरलेली दृश्ये घेऊन कथा जुळवावी लागली. मूळचे दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्हॉरो सप्टेंबर २०१७ मध्ये बाजूस झाले आणि जे. जे. एब्रम्स यांस पाचारण करण्यात आले. शिवाय २०१७ च्या भागावरही प्रेक्षकांचा एक मोठा वर्ग खवळला होता. म्हातारा, हताश ल्यूक त्यांना सोसवला नाही. २०१९ च्या भागात त्या वर्गाची समजूत घालण्याचा प्रयत्न दिसतो, आणि दोन्ही वर्गांतील अनेकजण असंतुष्टच राहिले. अमेरिकेत पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेण्याची एक पद्धत आहे; तीत या भागास ‘बी प्लस’ मिळाली, जी या मालिकेच्या दृष्टीने खालची होती. जगभरातील उत्पन्न २०१५ च्या भागास सुमारे २०७ कोटी डॉलर, २०१७ च्या भागास १३३ कोटी आणि २०१९ च्या भागास १०७ कोटी, असे उतरत गेले. तोटा झाला असे नव्हे. पण ओढ ओसरली.

येथे प्रेक्षकांच्या नाराजीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. रोझची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीस २०१७ च्या भागानंतर तिच्या वंशावरून आणि स्त्री असण्यावरून इतका छळ सोसावा लागला की, २०१८ साली तिने समाजमाध्यमावरील आपला सारा मजकूर काढून टाकला. ‘ही कथा आमची आहे, हिच्यात ही कोण आली?’ हा या नाराजीचा सूर. दुसरी नाराजी आमच्या पुतण्याची: ‘या कथेत सर्वांना जागा दिली होती, ती परत का घेतली?’ दोन्हीही कथेवर हक्क सांगतात. पहिली दार लावून घेते, दुसरी उघडलेले दार लावल्याची तक्रार करते. इतिहासकाराने या दोहोंस एकाच नावाने संबोधणे योग्य नव्हे.

या दुसऱ्या नाराजीचे भारतातील सर्वांत मोठे उदाहरण ज्या मालिकेने घडविले, ती आपल्या उधन्याहून दक्षिणेस जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत उंबरगाव येथे चित्रित झाली. सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले. दर रविवारी सकाळी ज्या घरी दूरचित्रवाणी संच असेल तेथे सारी चाळ लोटत असे, हे आमच्या पिढीस सांगावयास नको. त्यात दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर आणि भरत संजय जोग, अशी मराठी माणसे होती, याचेही आपल्या मंडळींस कौतुक होते. ३१ जुलै १९८८ रोजी रामराज्याभिषेकानंतर मालिका संपली.

उत्तरेतील वाल्मीकी समाजास हा शेवट मान्य झाला नाही. सफाईची कामे करणारा हा समाज आदिकवी वाल्मीकी यांस आपले गुरू मानतो. कथा अभिषेकापाशी थांबल्याने वाल्मीकींचा आश्रम, सीतेचा आश्रय आणि लवकुशांचे शिक्षण हे सारे गळले. म्हणजे ज्यांनी कथा लिहिली, त्यांनाच कथेत पूर्ण स्थान उरले नाही. जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. तो उत्तर भारतातील इतर शहरांतही पसरला. ऐन पावसाळ्यात रस्त्यांवर कचरा साचला. शासनास लक्ष घालावे लागले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरापासून उत्तरकथेची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली.

त्या वेळी आमच्या कार्यालयात या संपाची थट्टा झाली होती, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही तीत सामील होतो. एका मालिकेसाठी कोणी झाडू खाली ठेवतो काय, असे आम्हांस वाटले. पुढे १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. लक्षावधी लोकांनी शहर सोडले. खानदेशकडे जाणाऱ्या गाड्यांना उधन्यास उभे राहावयास जागा नव्हती. शहराची स्वच्छता कोणाच्या हातांवर उभी असते, हे त्या महिन्यात सर्वांना समजले. पण १९८८ च्या संपाचा अर्थ आम्हांस २०२० पर्यंत समजला नाही. त्या माणसांनी पगारवाढ मागितली नव्हती. सारा देश ज्या कथेपुढे हात जोडून बसतो, तिच्या शेवटी आपला माणूस दिसावा, एवढेच त्यांचे मागणे होते. झाडू हाती घेऊन ताऱ्यांकडे पाहणारा तो पोर पडद्यावर पाहिला, तेव्हा आम्हांस जालंधर आठवले.

आता या सर्वाचा आपल्याशी, उधन्यातील मराठी कुटुंबांशी संबंध काय? आम्हांस तो निकटचा वाटतो. आपली कथाही लांबलचक चालत आलेली आहे. उधन्याहून नंदुरबार, अमळनेर मार्गे जळगावकडे जाणारी तापी खोऱ्याची रेल्वे गेल्या शतकाच्या आरंभी तयार झाली. तिच्याच डब्यांतून आपले वाडवडील आले. कोणी लूमवर उभे राहिले, कोणाच्या घरच्या बायकांनी कांड्या भरल्या, कोणी रंगाच्या हौदापाशी आयुष्य काढले. मुले महापालिकेच्या मराठी शाळांत शिकली, पदवीधर झाली, काहींनी सरकारी नोकऱ्या मिळविल्या. आज तिसरी-चौथी पिढी संगणकासमोर बसते. हा खरोखर बिनघराण्याच्या माणसांचा पराक्रम आहे.

परंतु अलीकडे अनेक घरांत वंशावळी काढण्याची हौस दिसते. हौस चांगलीच आहे. मात्र त्या वाचताना आम्हांस एक गंमत आढळते. गावाकडचे वतन, पाटीलकी, चौसोपी वाडा यांची वर्णने तपशीलवार असतात. उधन्यास प्रथम उतरलेल्या माणसाने येथे काय काम केले, त्या जागी मात्र ‘व्यवसायानिमित्त स्थलांतर’ एवढेच शब्द असतात. लूम, कांडी, हौद सारे गळून जाते. आपल्या कथेचा शेवट लिहिण्याची वेळ आली तेव्हा आपणही भंगार वेचणाऱ्या मुलीस सम्राटाची नात करून टाकली.

हे आम्ही इतरांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमचे वडील नंदुरबारहून आले आणि उधन्यातील एका प्रोसेस हाऊसमध्ये ओल्या कापडाची हातगाडी ओढू लागले. नोकरीतील अनेक अर्जांवर ‘मूळ वतन’ हा रकाना असे. तो आम्ही नेहमी ठसठशीत अक्षरांत भरला. वडिलांच्या व्यवसायापुढे मात्र ‘खाजगी नोकरी’ असे लिहिले. कन्येच्या विवाहाच्या बैठकीत समोरच्यांनी घराण्याची चौकशी केली, तेव्हा पणजोबांच्या पाटीलकीचे वर्णन आम्ही रंगवून केले. वडील त्या वेळी हयात होते. खुर्चीवर बसून ऐकत होते. ते काहीच बोलले नाहीत.

याच संदर्भात मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते जयंत विष्णु नारळीकर होते. नावातील आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन त्यांनी हे टोपणनाव तयार केले होते. तेव्हा ते जगन्मान्य शास्त्रज्ञ होते आणि पद्मभूषण हा किताब त्यांना लाभलेला होता. नावाच्या वजनाने कथा तोलली जाऊ नये, ती तिच्या गुणांवर उभी राहावी, यासाठी त्यांनी मोठे नाव झाकून ठेवले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या संशोधनाचे यथायोग्य स्मरण झाले. आम्हांस मात्र त्या जगतापांचेही स्मरण झाले. ज्यांच्याजवळ नाव होते त्यांनी ते काढून ठेवले, आणि ज्यांच्याजवळ कर्तृत्व होते ते आपण नाव शोधीत बसलो.

तेव्हा शेवट कोणाचा? कायद्याने तो लिहिणाऱ्याचा किंवा विकत घेणाऱ्याचा. लुकास यांनी कथा विकल्यावर त्यांनाही शेवटावर हक्क उरला नाही. उत्तरकथेचे त्यांचे आराखडे नव्या मालकांनी बाजूस ठेवले. कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्यांचा हक्क कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेला नसतो. तो फक्त नाराजीतून व्यक्त होतो. ती नाराजी कोणास बाहेर काढण्यासाठी आहे की गळलेल्या माणसास आत घेण्यासाठी, एवढे पाहून तिचे मोल ठरवावे, असे आमचे मत आहे.

टाळेबंदीत नववा भाग संपल्यावर पुतण्याचे मत बदलले काय, असे आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, “नाही काका, दुसऱ्यांदाही वाईटच वाटला.” मग थोड्या वेळाने त्याने विचारले, “आजोबा इथं आले तेव्हा नक्की काय करायचे?” आम्ही त्यास हातगाडीची हकिकत सांगितली. ओल्या कापडाचे ओझे किती असे, रंगाने त्यांचे तळहात कसे कायमचे निळसर झाले होते, पावसाळ्यात गाडीचे चाक रुतले म्हणजे दोघांनी ते कसे उचलावे लागे, हे सारे. ते त्याने प्रथमच ऐकले. वडील तोवर निवर्तले होते. घरातील वंशावळीची वही आम्ही काढली, त्यांच्या नावापुढे पूर्वी लिहिलेले ‘खाजगी नोकरी’ हे शब्द खोडले, आणि तेथे लिहिले: ‘रंगखात्यात हातगाडी ओढली, उधना.’